सहावा भाग येईपर्यंत

अण्णा गेले तो सोमवार होता. सकाळी दुकानाचं शटर उघडलं नाही. समोर चहावाल्याने स्टोव्ह पेटवला नाही. मी शाळेला निघाले होते, ती पेठेच्या तोंडावरून घरी परतले आणि चपला काढून बसले.

आमच्याकडे चहा नको म्हणायची रीत तुम्हाला माहीत असेल. नुसतं तोंडाने नको म्हटलेलं कोणी ऐकत नाही. अर्धा घ्या, घोटभर घ्या, साखर कमी घालतो, असं चालूच राहतं. म्हणून कपावर तळहात आडवा धरावा लागतो. अण्णांचा तो तळहात मी इतक्या वेळा पाहिला आहे की त्यांचा चेहरा आठवण्याआधी तो आठवतो. मळ्यातलं कोवळं रोप उन्हापासून झाकावं, तसे ते कप झाकायचे. नवीन गिऱ्हाईक काळजीने विचारायचं, "शुगर हाय काय, अण्णा?"

"न्हाय," अण्णा म्हणायचे. "पुस्तक यायचंय."

गिऱ्हाईक गोंधळायचं. मीही गोंधळले होते. खरं सांगायचं तर अजूनही पुरती सावरलेली नाही, आणि हे लिहायला बसले आहे ते त्यामुळेच.

अण्णांचं बियाणांचं दुकान होतं. सोयाबीन, भुईमूग, भाजीपाला, जनावरांचा चारा, सगळ्याचं बी मिळायचं. फवारणीचं औषध मात्र ते ठेवत नसत. जैन माणूस, किडे मारायचं औषध कसं विकणार, असं लोक म्हणायचे. अण्णांना विचारलं तर म्हणायचे, "तसं न्हाय ते." मग कारण सांगायला लागायचे आणि सांगता सांगता दुसरीकडेच जायचे. हे त्यांचं नेहमीचं होतं. आज ऊन आहे म्हटलं तरी "तसं न्हाय ते."

मी बेळगावच्या कॅम्पातली. निपाणीच्या शाळेत नोकरी लागली आणि अण्णांच्या गल्लीत खोली घेतली. कुंडीत टाकायला कोथिंबिरीचं बी आणायला गेले, तेव्हा माझ्या पिशवीतून 'सांजपट्टा' मालिकेचा तिसरा भाग डोकावत होता. अण्णांनी बी मोजायचं थांबवलं.

"कुठवर आलाय, बाई?"

मी सांगितलं.

"मग गप ऱ्हातो," ते म्हणाले आणि खरोखरच ओठ मिटून उभे राहिले. मला पुडी देऊन सुटे परत देईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. न वाचलेल्या माणसाला पुढचं सांगणं हे त्यांच्या लेखी पाप होतं. आठवडाभराने तो भाग संपवून मी परत गेले. त्या दिवशी कोथिंबिरीचं बी नको होतं.

ज्यांनी ही मालिका वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एक ग्रह आहे. तो स्वतःभोवती फिरत नाही असंच म्हणा. त्याची एक बाजू कायम सूर्याकडे, दुसरी कायम अंधारात. एका बाजूला सगळं भाजून निघतं, दुसऱ्या बाजूला गोठतं. मधोमध संधिप्रकाशाचा एक अरुंद पट्टा आहे, आणि पृथ्वीवरून गेलेली माणसं पिढ्यान्पिढ्या त्यात राहतात. मराठीत लिहिलेली पाच पुस्तकं. वर्षाला एक, दिवाळीच्या सुमारास यायचं.

अण्णांना त्यातली यानं आणि यंत्रं विशेष आवडत नसत. त्यांचा सगळा जीव त्या पट्ट्यात होता. बी तोलता तोलता ते शेतकऱ्यांना गोष्ट सांगायचे, आणि शेतकरी असे प्रश्न विचारायचे की लेखकाला घाम फुटला असता. पाणी कुठलं? अंधाराकडचा बर्फ वितळतो त्याचं. पाट कुणी काढला? पीक कशाचं घेतात? एकदा एका म्हाताऱ्याने विचारलं की ऊन कायम एकाच अंगाने येत असेल तर झाड वाकडं वाढत नाही का. अण्णा म्हणाले, "सूर्यफूल लावायचं. मान वळवायची कटकट न्हाय त्याला तिथं." म्हाताऱ्याला ते पटलं. त्याने विचारलं की तिकडे जायला लागतंय किती.

आणखी एक गोष्ट त्यांना फार आवडायची. अण्णांच्या घरी सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. ते म्हणायचे, "तिथं दिवस मावळतच न्हाय, बाई. आमच्या लोकांची सोय हाय. कवाबी जेवा." एवढं बोलून ते विचारात पडायचे. मावळतच नाही, म्हणजे कधी थांबायचं हे कसं कळणार? मग सोय आहे की अडचण? या प्रश्नावर त्यांचं मत दर महिन्याला बदलायचं.

चौथ्या भागात कळतं की त्या दोन्ही बाजूंनाही माणसं कशीबशी तग धरून आहेत. उजेडाकडचे आणि अंधाराकडचे दोघेही तो पट्टा आपलाच म्हणून भांडतात. तो भाग आला तेव्हा अण्णा आठवडाभर खुशीत होते. "दोन्हीकडचे म्हणत्यात पट्टा आमचा. पट्ट्यातल्या माणसाला कोण इचारतंय? बाई, हा लेखक पुण्याचा न्हवं. निपाणीचाच असणार. न्हायतर बेळगावचा." समोरचा चहावाला म्हणाला की मग त्या पट्ट्यात दुकानाच्या पाट्या कुठल्या भाषेत असतात ते एकदा विचारा लेखकाला. यावर अण्णा पुन्हा बी तोलायला लागले.

अण्णांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, अथणीकडच्या. शाळा सगळी कानडीत झालेली. मराठी बोलतात, समजतं, वाचत मात्र नाहीत. अण्णा वाचलेलं सगळं त्यांना कानडीतून सांगायचे. संध्याकाळचं जेवण उन्हं असतानाच व्हायचं. नंतर वहिनी परसात भांडी घासत बसायच्या आणि अण्णा पायरीवर बसून त्या ग्रहावर काय झालं ते सांगायचे. मला कानडी कामापुरती येते. कधी मधेच जाऊन उभी राहिले तर ओळखीचं नाव कानावर पडायचं, बाकीचं वाहून जायचं. पुस्तकात दोन ओळींचा असलेला प्रसंग तिथे बराच वेळ चाललेला असायचा, एवढं मात्र कळायचं.

पाचव्या भागाच्या शेवटी मिहिका नावाची एक मुलगी हातात दिवा घेऊन अंधाराच्या बाजूला जाते. तिचा बाप तिकडे गेलेला असतो, परतलेला नसतो. पट्ट्याच्या कडेला तिची आई उभी असते. दिवा लहान होत जातो, मग दिसत नाही. पुस्तक तिथे संपतं.

हे वाचल्यानंतर आम्हा सगळ्यांचंच डोकं ठिकाणावर नव्हतं. अण्णांनी तर भलतंच केलं.

त्या वर्षी एका मुनिमहाराजांचा चातुर्मास निपाणीत होता. सकाळी प्रवचनानंतर लोक पुढे होऊन नियम घ्यायचे. अमुक दिवस अमुक वस्तूचा त्याग. कोणी बटाटा सोडला, कोणी गूळ. अण्णांची पाळी आली. आदल्या दिवशीच त्यांनी पाचवा भाग संपवला होता आणि मन त्या अंधाराच्या कडेलाच उभं होतं. ते हात जोडून म्हणाले, "सहावा भाग येईपर्यंत चहाचा त्याग, महाराज."

महाराजांना वाटलं, एखाद्या ग्रंथाचा सहावा भाग असेल. त्यांनी समाधानाने मान हलवली आणि आशीर्वाद दिला. नियम लागला.

अण्णांनी स्वतःच मला हे सांगितलं. चोरी पकडली गेलेल्या मुलासारखे हसत होते. मी म्हटलं, मग महाराजांना सांगायचं होतं, कसलं पुस्तक आहे ते. "तसं न्हाय ते," अण्णा म्हणाले. "नियम मी घेतलाय. पुस्तक कसलं का असंना." शिवाय वर्षभराचाच प्रश्न होता. दिवाळीला सहावा भाग येणारच होता.

दिवाळीला आला नाही.

गुढीपाडव्याला येणार असं कळलं. पाडवा गेला. मग लेखकाची तब्येत, मग प्रकाशकाची अडचण, मग नुसतीच शांतता. आमचा फोनवर एक ग्रुप होता. बेळगाव, खानापूर, चिकोडीकडचे वाचक होते. सांबऱ्याचा संतोष तो चालवायचा. संतोष इंजिनियर, विमानतळावर नोकरीला. त्याची सासुरवाडी निपाणीत, त्यामुळे महिन्यातून एकदा तो बायकोला घेऊन यायचा, तिला माहेरी सोडायचा आणि सासऱ्यांशी दोन शब्द बोलून अण्णांच्या दुकानात येऊन बसायचा. बायकोचं म्हणणं होतं की तो सासुरवाडीला येतो ते अण्णांसाठी. ते खोटं नव्हतं.

ग्रुपवर लोक काय काय मांडायचे. मिहिकाचा बाप जिवंत आहे आणि अंधाराकडच्यांचा राजा झाला आहे. मिहिका मुळात माणूस नाहीच, यंत्र आहे. अंधार हा अंधार नाहीच. अण्णा हे सगळं वाचायचे, कधी उत्तर द्यायचे नाहीत. मला मात्र दुकानात म्हणायचे, "तसं न्हाय ते. एवढं वाकडं कशाला? पोरगी परत येती का न्हाय, एवढंच हाय."

या काळात एक गंमत झाली. पेठेत धंदा चहावर चालतो. अण्णा सगळ्यांना पाजायचे आणि स्वतःच्या कपावर हात ठेवायचे. त्यामुळे ज्यांनी जन्मात गोष्टीचं पुस्तक उघडलं नव्हतं, तेही सहाव्या भागाची वाट पाहू लागले. बी न्यायला आलेला शेतकरी आधी विचारायचा, "आलं काय पुस्तक?" नाही म्हटलं की हळहळायचा आणि मग भुईमुगाचं काढायचा. चहावाला तर वैतागला होता. "अण्णा, त्या लेखकाचा पत्ता द्या मला. जाऊन बसतो दारात. लिव म्हणतो, आमचं गिऱ्हाईक अडकलंय."

एकदा ग्रुपवर सहाव्या भागाचं मुखपृष्ठ आलं. काळ्या अंधारात पिवळा ठिपका. संतोषने फोन केला, मी धावत दुकानात गेले, तोवर बातमी माझ्या पुढे गेली होती. चहावाल्याने आलं घालून खास चहा टाकला. कापडवाले, सोनार, पलीकडचा टायरवाला, सगळे दुकानासमोर जमले. अण्णांनी टोपी नीट केली. तेवढ्यात संतोषचा पुन्हा फोन आला. ते मुखपृष्ठ खानापूरकडच्या एका वाचकाने स्वतःच काढलं होतं. वाट बघून कंटाळा आला म्हणून काढलं, म्हणाला.

टायरवाल्याने त्या वाचकाला उद्देशून काहीतरी म्हटलं, ते लिहिता येणार नाही. अण्णांनी फोन हातात घेऊन ते चित्र बराच वेळ पाहिलं. "चांगलं काढलंय," म्हणाले. "दिवा जवळ येतोय का लांब जातोय, कळत न्हाय." खास चहा लोकांनी उभ्या उभ्या पिऊन टाकला.

अशी वर्षं गेली. मग अण्णांना बरं वाटेनासं झालं. आधी निपाणीत दाखवलं, मग बेळगावला न्यायला सांगितलं. मी शनिवारी कॅम्पात घरी जायचे तेव्हा वाटेत दवाखान्यात जाऊन यायचे. हळूहळू ते लहान होत गेले. शेवटी डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं.

मी भेटायला गेले तर वहिनी दारातच सांगू लागल्या. चेहरा उजळला होता. डॉक्टर म्हणाले, आता काही पथ्य नाही, पाहिजे ते द्या. एवढे दिवस मीठ नाही, तेल नाही, आणि आता सगळं चालतं. म्हणजे गुण आला की नाही?

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या वाक्याचा अर्थ तुम्हाला कळला तसा मलाही कळला. मी म्हटलं, होय, चांगलं झालं. त्यांनाही कळला होता आणि त्या मला विचारून पाहत होत्या, की खरंच कळला नव्हता, हे मला आजही सांगता येत नाही.

वहिनींनी अण्णांना विचारलं, काय करून देऊ? अण्णा छताकडे पाहत म्हणाले, "खरं सांगू? एक कप चहा पायजे." आणि मग स्वतःच हसले, कारण तेवढंच मिळण्यासारखं नव्हतं.

त्याच आठवड्यात पुस्तक आलं.

संतोष ते घेऊन सांबऱ्याहून थेट आला. पार्सल त्याने उघडलं होतं, पण वाचलं नव्हतं. पहिलं पान अण्णांनी उघडायचं असं त्याने ठरवलं होतं. मालिकेचंच नाव, तोच लेखक, तोच कागद. मागे छापलं होतं, मालिकेतलं नवं पुस्तक. आधीच्या पाचांच्या पाठीवर भागाचा आकडा होता. याच्या पाठीवर आकडा नव्हता. आम्ही तिघे त्या कोऱ्या जागेकडे पाहत बसलो.

अण्णांना हातात धरवेना, म्हणून मी वाचून दाखवलं. शाळा सुटल्यावर जायचे आणि उजेड असेपर्यंत वाचायचे. ती पहिल्या यानाची गोष्ट होती. माणसं पृथ्वीवरून निघतात, प्रवासात दोन पिढ्या जातात, शेवटी तो पट्टा त्यांना लांबून दिसतो. मिहिका जन्मायला अजून शेकडो वर्षं होती.

सुंदर पुस्तक होतं. पण ते सहावा भाग होतं का?

ग्रुपवर भांडणं झाली. अर्धे म्हणाले, पाचानंतर आलं ते सहावं. अर्धे म्हणाले, गोष्टीच्या आधीचं आहे, ते शून्यावं. संतोष पहिल्या बाजूचा. तो मला गल्लीत थांबवून म्हणाला, "बाई, शून्य म्हंजेबी आकडाच की. तुम्ही शिकलेल्या हाय. तुम्ही हो म्हटलं की अण्णा ऐकतील." त्याचे डोळे भरले होते. मला त्याचं म्हणणं पटत होतं आणि दुसरंही पटत होतं. पुस्तकांबद्दल मी आयुष्यभर बोलत आले आहे. एका कपाइतका निकाल मला देता आला नाही.

मग संतोष म्हणाला, महाराजांनाच विचारू. ज्यांनी नियम दिला ते महाराज पायी विहार करत संकेश्वरच्या बाजूला आले होते. वहिनी अण्णांपाशी थांबल्या, आम्ही दोघं त्याच्या गाडीतून गेलो. वाटेवरच्या एका गावात, शाळेच्या व्हरांड्यात महाराज बसले होते. संतोषने वाकून सगळं सांगितलं. महाराजांनी विचारलं, "कोणता ग्रंथ?"

संतोषने माझ्याकडे पाहिलं. मग मला तो ग्रह सांगावा लागला. न फिरणारा ग्रह, उजेड, अंधार, मधला पट्टा, भांडणं, बाप, मुलगी, दिवा. मला वाटलं होतं, अर्ध्यावर थांबवतील. थांबवलं नाही. भोवतीचे लोकही ऐकत होते. मी दिवा दिसेनासा होतो तिथे थांबले. महाराज किंचित पुढे झुकले. मग म्हणाले, "मग ती परत येते का?"

"अजून माहीत नाही, महाराज."

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, घेताना त्याच्या मनात काय होतं तोच नियम. पुस्तक यावं असं होतं, तर पुस्तक आलं. काही कळावं असं होतं, तर ते कळलं का, हे त्यालाच ठाऊक. आजारी माणसाला नियमातून मोकळं करता येतं. त्याने मागावं, मी देतो. पण त्याने मागावं.

परत येताना संतोष आनंदात होता. सुटलं एकदाचं, असं तो धरून चालला होता. मी धरून चालले नव्हते, पण आशा करत होते.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. महाराजांनी गोष्ट पुरती ऐकली याचा त्यांना फार आनंद झाला. कुठे कुठे मान हलवली, तेही विचारून घेतलं. मग डोळे मिटून पडले. वहिनींनी आत चहाचं आधण ठेवलं होतं. भांड्याचा आवाज येत होता.

"बाई," ते म्हणाले, "पुस्तक लई चांगलं हाय."

"होय."

"पण हे मागचं झालं. मला फुडचं पायजे हुतं."

"अण्णा, महाराज मोकळं करतो म्हणालेत. नुसतं मागायचं आहे."

"तसं न्हाय ते." एवढं म्हणून ते थांबले. नेहमीसारखं पुढचं कारण सांगायला लागतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी सांगितलं नाही. स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "चहा मागिटला तर मी थांबायचं सोडलं असं हुईल."

संतोष उठून बाहेर गेला. अंगणात उभा राहिला, पाठमोरा.

वहिनी कप घेऊन आल्या. अण्णांनी हात उचलायचा प्रयत्न केला, पण तळहात कपापर्यंत पोचेना. वहिनींनी कप उशाशी ठेवला आणि कानडीतून काही बोलल्या. अण्णांनी मला सांगितलं, "म्हणती, वास घ्यायला नियम न्हाय न्हवं." यावर आम्ही नीट चर्चा केली. अण्णांच्या मते वास नियमात येत नव्हता. तसं महाराजांसमोर बोललेलं नव्हतं. मग रोज दुपारी वहिनी आलं घालून चहा करायच्या, कप उशाशी ठेवायच्या आणि वाफ थांबली की न्यायच्या. अण्णा डोळे मिटून पडून असायचे. एकदा म्हणाले, "आज वेलदोडा घातलाय." घातला होता.

असे काही दिवस गेले, आणि मग तो सोमवार.

अण्णांचे दिवस झाल्यावर मी वहिनींकडे गेले. त्या परसात बसल्या होत्या. मी शेजारी पायरीवर बसले. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग त्या म्हणाल्या, एक विचारायचं होतं तुम्हाला, तुम्ही सगळी पुस्तकं वाचली आहेत.

"त्या सहाव्या पुस्तकात काय असणार हुतं हो, बाई? गोष्ट तर संपली की."

मला वाटलं, त्या नव्या पुस्तकाबद्दल बोलत आहेत. मी म्हटलं, नाही वहिनी, मिहिकाचं अजून व्हायचं आहे.

"तिचं काय व्हायचंय? ती आली की परत." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी विसरले आहे. "बापाला घिऊन आली. दिवा इझला हुता तिचा. आईनं कडेला दुसरा लावून ठिवला हुता, त्यो बघत बघत आली. बंदळ," त्या कानडीतून पुन्हा म्हणाल्या. आली.

असं कुठल्याही पुस्तकात नाही.

मी विचारलं, हे अण्णांनी कधी सांगितलं? त्या म्हणाल्या, पाचवं पुस्तक सांगून झालं त्या संध्याकाळी मी रडले. पोर अंधारात गेली, आई उभी राहिली, आणि हे म्हणतात संपलं. मी बोललेच नाही त्यांच्याशी. दुसऱ्या दिवशी उजाडल्या उजाडल्या मला म्हणाले, काल शेवटची चार पानं चिकटली होती, आता सुटली. आणि मग सांगितलं सगळं. सांगून अंघोळ करून महाराजांच्या प्रवचनाला गेले. आणि येताना चहा सोडून आले.

"पोरगी आली, मग कशापायी सोडला?" वहिनींनी विचारलं. "एवढं काय राहिलं हुतं?"

मी काय उत्तर द्यायचं, ते तुम्ही सांगा. नियम घेताना त्याच्या मनात काय होतं तोच नियम, असं महाराज म्हणाले होते. अण्णांच्या मनात काय होतं, हे मला आधी ठाऊक आहे असं वाटत होतं. आता वाटत नाही. बायकोला सांगितलेलं खरं ठरतं का ते पाहायचं होतं? की खोटं सांगितलं म्हणून स्वतःला काही लावून घेतलं होतं? की हे काहीच नव्हतं, आणि नुसतं पुस्तक हवं होतं? मी एक धरते तर दुसरं सुटतं. कानात "तसं न्हाय ते" ऐकू येतं, पुढचं कारण येत नाही.

वहिनींना मी म्हटलं, पुस्तकवाल्यांना आणखी काही लिहायचं असेल, तुम्ही म्हणता ते खरं आहे. त्यांनी मान हलवली. मग आत गेल्या आणि दोन कप चहा घेऊन आल्या. आम्ही प्यालो.

वहिनी मराठी वाचत नाहीत, म्हणून हे इथे लिहिता येतं. संतोषला मी सांगितलेलं नाही. ग्रुपवर अजून बोलणं चालतं. येत्या दिवाळीला नक्की, असं परवा कोणीतरी लिहिलं आहे. दुकान पुतण्या चालवतो, चहावाल्याने स्टोव्ह केव्हाच पेटवला आहे.

सहावा भाग आलेला नाही. निपाणीतल्या एका घरात ती मुलगी परत आलेली आहे.